कुणाबरोबर? वाटाड्याबरोबर!

पाऊस एकदाचा लागला, की आपल्याकडे घरोघरी एक संवाद ठरलेला असतो. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "मी धबधब्यावर चाललो." आई म्हणते, "जपून रे बाबा," आणि त्याच्या डब्यात दोन चपात्या जास्त घालते. तेच त्याची बहीण म्हणाली, की चौकशी सुरू. कुठे? कधी येणार? आणि मुख्य म्हणजे, कुणाबरोबर? आता समजा, आईच म्हणाली, "मलाही बघायचाय धबधबा," तर? तर चौकशी होतच नाही. सगळे हसतात!

मैत्रिणींनो, या हसण्याचा मला राग येतो. पण त्या 'कुणाबरोबर'चा येत नाही. तो प्रश्न अगदी योग्य आहे. फक्त तो मुलीलाच विचारला जातो आणि मुलाला विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही, ही त्यातली गोम.

आपल्या भिवंडीचंच घ्या. आपल्याला जवळचा धबधबा कुठला, तर चिंचोटीचा. अंजूरफाट्यावरून कामणच्या दिशेने निघायचं (त्या रस्त्याविषयी काही बोलायलाच नको) आणि पुढे तुंगारेश्वरच्या डोंगरात पायी चालायचं. जागा सुंदर आहे, वादच नाही. पण जुलै २०१८ मध्ये तिथे काय झालं, आठवतंय? जोराचा पाऊस झाला, ओढा फुगला आणि शंभराहून जास्त माणसं अडकून पडली. त्यांची सुटका झाली, पण एकाचा जीव गेला तो गेलाच. मग ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. ती दृश्यं मोबाईलवर आपण सगळ्यांनीच पाहिली. मला दोन रात्री झोप लागली नव्हती.

त्यानंतर काय होतं? मनाई हुकूम. दर पावसाळ्यात ठाणे-पालघर पट्ट्यातल्या कितीतरी धबधब्यांवर जायला बंदी येते. फलक लागतात, पोलीस उभे राहतात. अमुक ठिकाणी धोका आहे म्हणून थांबवलं, तर त्याला माझा विरोध नाही. पण बघा ना, फलक वाचून मुकाट घरी परत कोण येतं? आपण! ज्यांना दारूच्या बाटल्या घेऊन पाण्यात उतरायचंच आहे, ती पोरं मागच्या वाटेने जातातच. म्हणजे बंदी नसली तर त्या टवाळ गर्दीमुळे आपण जात नाही, आणि बंदी असली तर बंदी आहे म्हणून जात नाही. बाईच्या वाट्याला धबधबा कधी येतो, तर टीव्हीवर गाण्यात.

यातून एक तिसरी वाट आहे, आणि तिच्याबद्दल आपल्या गावांतल्या बायकांना फारसं कुणी सांगतच नाही. जाणकार वाटाड्याबरोबर एक दिवसाची रानवाट. त्यासाठी कुलू-मनाली नको. बोरिवलीचं नॅशनल पार्क, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आपल्याला किती लांब आहे? भिवंडी रोड स्टेशनवरून वसईची गाडी धरायची, तिथून लोकलने बोरिवली. नाहीतर ठाण्यामार्गे घोडबंदर रोडने. उद्यानाचं मुख्य फाटक बोरिवली स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं हे जंगल, निम्मं मुंबईच्या पोटात नि निम्मं ठाण्याच्या पाठीशी. आपण तिथे जातो ते शाळेच्या सहलीत, नाहीतर वाघ-सिंहांची सफारी बघायला. पण आतमध्ये निसर्ग माहिती केंद्र आहे, तिथून माहीतगार माणसाबरोबर ठरलेल्या वाटांवर फेऱ्या निघतात. शिलोंड्याची ओढ्याकाठची वाट त्यातलीच. तिथे मनात आलं म्हणून एकट्याने घुसता येत नाही. परवानगी लागते आणि बरोबर माणूस लागतो.

आमच्या इमारतीतल्या नऊ जणी २०२४ च्या सप्टेंबरात अशा फेरीला गेलो होतो. दोन शिक्षिका, एक शिवणकाम करणाऱ्या, लूमवाल्यांच्या घरातल्या दोघी भाभी, एक आजी, आणि बाकी माझ्यासारख्या घर सांभाळणाऱ्या. खरं सांगू? तिथला धबधबा काही दूधसागर नव्हे. पावसाळ्यात जागे होणारे छोटे छोटे प्रवाह आहेत ते. काळ्या कातळावरून उतरतात, वळणं घेतात, एखाद्या ठिकाणी दोन पुरुष उंचीवरून कोसळतात. जानेवारीत गेलात तर बहुतेक जागी कोरडा दगड दिसेल. आणि तिथे पाण्याखाली उभं राहून चिंब व्हायला मिळत नाही. आमच्यातल्या एकीने तिथेच विचारलं, "मग नुसतं बघायचं? त्यात काय मज्जा?"

त्यावर वाटाड्याने जे सांगितलं ते मला फार पटलं. तो म्हणाला, "ताई, इथे पाऊस नाही म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. पण पाणी इथल्या पावसाचं नसतं, वरच्या पावसाचं असतं." आपला सह्याद्रीचा कातळ काळा, कठीण. त्यावर मातीचा थर पातळ. डोंगरमाथ्यावर सर कोसळली, की ते पाणी मुरायला जागा कमी. ते घसरतच खाली येतं, तेही काही मिनिटांत. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि ओढा भरलेला असतो! त्याने आम्हाला खुणाही दाखवल्या. नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं, पानं-काटक्या जास्त वाहत यायला लागल्या, पाण्याचा आवाज बदलला, की सेल्फी-बिल्फी सोडून लगेच वर चढायचं. प्रत्येक ओढ्याशी तो आधी स्वतः थांबायचा, वरच्या अंगाला नजर टाकायचा आणि मग आम्हाला एकेकीला पलीकडे न्यायचा. आजींचा तर हातच धरला होता. चिंचोटीला अडकलेल्या त्या माणसांबरोबर असा एक जरी माणूस असता, तर... असं तेव्हा मनात येऊन गेलं.

पण वाटाड्या म्हणजे नुसता रखवालदार नव्हे, हेही त्या दिवशी कळलं. वाटेत एक छत्रीसारखं उघडलेलं, फाटक्या कडांचं पान होतं. त्याने विचारलं, "ओळखा." कुणालाच येईना. "अहो, ही तुमची शेवळी!" आम्ही सगळ्या चाट! जूनमध्ये पाड्यावरच्या बाया टोपलीत घेऊन बसतात ती शेवळं आपण किती वर्षं घेतोय. काकडं घालून, खाज मारून, निगुतीने भाजी करतो. पण आपण खातो तो फुलाचा कोंब, आणि त्याचं पान मागाहून येतं, हे कुणाला ठाऊक होतं? मग काय, आमच्या बायकांची गाडी सुरू झाली. टाकळा, कुरडू, कर्टोली, भारंगी... तो एक झाड दाखवी आणि आम्ही त्याची पाककृती सांगू. शेवटी तोच हसून म्हणाला, "आता तुम्हीच गाईड." मात्र एक पानही तोडू दिलं नाही. राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे तोडायचं नाही म्हणजे नाही.

आणि कारवी! २०२४ हे तिच्या फुलण्याचं वर्ष होतं. आठ वर्षं नुसती वाढते, एकदाच जांभळी-निळी फुलते, मग बी धरून सुकून जाते. आमच्यातल्या आजी कशेळीकडच्या. त्यांनी त्या काठ्यांना हात लावला नि म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या घराला याचाच कूड होता, वर शेणाने सारवलेला." साठ-पासष्ट वर्षं ज्या भिंतीच्या आठवणी त्या सांगत आल्या, तिचं फूल त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

आता आपल्या नेहमीच्या सहली आठवा. सहल ठरली, की पहाटे चारला कोण उठतं? पुऱ्या कोण लाटतं? सतरंजी, चटणी, लोणचं, मुलांचे बदलायचे कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं कोण भरतं? तिथे पोचल्यावर पुरुषमंडळी पाण्यात, मुलं पाण्यात आणि आपण सगळ्यांच्या चपला आणि मोबाईल सांभाळत काठावर. म्हणजे स्वयंपाकघरच उचलून झाडाखाली नेलं, एवढंच. रानवाटेवर हे चालत नाही. खाण्याचा पसारा नको, कारण माकडं पिशवी हिसकावतात. आमच्यातल्या एकीची चिवड्याची पिशवी गेलीच! प्रत्येकीने आपापला सुका डबा, आपापली बाटली. कुणी कुणाला वाढायचं नाही. चार तास कुणी "अगं, माझं ते कुठे आहे?" असं विचारलं नाही. हे सुख धबधब्याइतकंच मोठं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुपारी आम्ही कान्हेरीच्या लेण्यांत गेलो. शंभरावर लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरत आलेली. पावसात कातळातल्या पन्हळींतून पाणी खेळत असतं आणि पाण्याची टाकी भरलेली असतात. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. कल्याणच्या व्यापाऱ्यांची आहेत, तशी बायकांची आणि भिक्षुणींचीही आहेत. कल्याण म्हणजे आपल्या शेजारचं गाव! त्या बायकांना घरून निघताना कुणी 'कुणाबरोबर?' विचारलं असेल का, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

बिबट्याची भीती मात्र सगळ्यांनाच होती, ती लपवत नाही. तिथे बिबटे आहेत, भरपूर आहेत. पण विद्या अत्रेय या संशोधक बाईंनी केलेलं काम ऐका. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका म्हाताऱ्या बिबट्याला गळ्यात यंत्र बांधून माळशेजला सोडलं होतं. 'आजोबा' त्याचं नाव. हा पठ्ठ्या तिथून निघाला तो गावं, रस्ते, रेल्वे ओलांडत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून थेट या उद्यानात आला. म्हणजे आपल्याच मुलखातून गेला असणार की! पण वाटेत माणसाच्या अंगावर गेला नाही. पुढे २०११ मध्ये वाहनाच्या धडकेत तो मेला. त्याच्यावर सिनेमाही निघाला. वारल्यांच्या पाड्यांवर वाघोबाला देव मानतात, ते उगीच नाही. घोळक्याने, दिवसाउजेडी, जाणत्या माणसाबरोबर चालायचं, एवढं पथ्य पाळलं की पुष्कळ झालं.

आता तक्रारीचंही बोलू. अशा फेऱ्या बहुधा भल्या सकाळी सुरू होतात. मुंबईतल्या माणसाला ते जमतं. पण भिवंडी, शहापूर, वाड्याच्या बाईने मुलांचा डबा करून तिथे साडेसातला कसं पोचायचं? आठवड्यातला एखादा मधला दिवस, साडेनऊ-दहाची वेळ, फक्त बायकांची तुकडी, हे करायला काय हरकत आहे? दुसरं स्वच्छतागृहाचं. रानात मध्येच ते नसणार, मान्य. पण वाटेच्या दोन्ही टोकांना स्वच्छ आणि उघडं असायलाच हवं. नाहीतर बायका काय करतात हे आपल्याला माहीत आहे. आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग चढणीवर चक्कर येते.

शिवाय गळ्यात शिट्टी अडकवली म्हणून कुणी वाटाड्या होत नाही. हल्ली 'वन डे पिकनिक'च्या जाहिराती उदंड झाल्यात. माझ्या ओळखीच्या एक वहिनी अशाच एकीला गेल्या, तर बसमध्ये पन्नास माणसं, कानठळ्या बसवणारी गाणी आणि बरोबरचा मुलगा स्वतःच त्या धबधब्यावर पहिल्यांदा आलेला! पैसे भरण्याआधी चार प्रश्न बेधडक विचारा. किती माणसांमागे एक गाईड? तो या वाटेवर किती वेळा गेलाय? वनखात्याची परवानगी आहे का? आणि जोराचा पाऊस लागला तर काय कराल? "काही होत नाही हो, जाऊ," असं उत्तर आलं, तर पर्स बंद करा आणि घरी या. "फेरी रद्द करू," असं म्हणणाराच खरा.

माझं तर म्हणणं आहे, की जिथे जिथे बंदीचा फलक लागतो, तिथल्या सुरक्षित वाटांवर पाड्यांवरच्या मुलींनाच वाटाड्या म्हणून तयार करावं. त्यांच्याइतकी त्या ओढ्यांची ओळख कुणाला आहे? चार महिने त्यांच्या हाताला काम मिळेल, आणि आपल्या मुलींना 'कुणाबरोबर?' याचं उत्तर मिळेल. आपल्या बचत गटांनी, महिला मंडळांनी ही मागणी लावून धरायला हवी. हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो, त्यातलेच थोडे पैसे यंदा वाटाड्यासाठी बाजूला काढले, तर कुणाचं कुंकू कमी होणार नाही.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: सोमवारी उद्यान बंद असतं. चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या पकडीच्या सँडल किंवा बूट घाला. साडी चालते, पण पायघोळ नको. बुरखा घालून आमच्या भाभी आरामात चालल्या, फक्त खालून थोडा खोचून घेतला होता. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात.

कारवीचा पुढचा बहर आता २०३२ मध्ये. आमच्या आजींनी बोटांवर हिशेब केला, तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे असतील. त्यांनी आत्ताच नाव लिहून ठेवायला सांगितलंय.