सही कुणाची, शरीर कुणाचे?

बाळंतपणासाठी दवाखान्यात गेलेल्या आमच्या भगिनींच्या बाबतीत काय घडते, हे वस्तीत राहणाऱ्या वाचकांना नव्याने सांगायला नको. बाई आत कळा सोसत असते. नर्स बाहेर येऊन छापील कागद पुढे करते, 'इथं सही करा' म्हणते. नवरा सही करतो. तो नसेल तर सासू अंगठा देते. कागदावर काय लिहिले आहे, हे कुणी वाचून दाखवीत नाही. तांबी बसवल्याचे तर काहींना महिन्यांनी, पोट दुखू लागल्यावर कळते. आमचा प्रश्न साधा आहे. जिच्या अंगावर सुरी चालते, तिला विचारायचे की नाही?

सिझेरियनला आमचा विरोध नाही. वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियेने कित्येक माता आणि लेकरे वाचली आहेत. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सरकारी दवाखान्यांत १४ टक्के, तर खासगी दवाखान्यांत ४७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. एवढी तफावत केवळ बाईच्या प्रकृतीमुळे पडते काय? म्हणूनच कारण विचारण्याचा हक्क महत्त्वाचा आहे.

कायदा काय म्हणतो? समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेचे गर्भाशय डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन काढून टाकले होते. न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही. रुग्ण सज्ञान असेल, तर संमती तिचीच हवी. उपचार कोणता, धोका काय, पर्याय कोणता, हे तिला सांगितले पाहिजे. एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. अपवाद एकच : जीव किंवा प्रकृती वाचवण्यासाठी थांबणे शक्यच नसेल तर. म्हणजे सिझेरियनच्या कागदावरची सही नसबंदीला किंवा तांबीला पुरत नाही.

आणि तरीही वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी आधी पती किंवा पत्नी, मग अज्ञान रुग्णाचा पालक आणि शेवटी स्वतः रुग्ण, असा क्रम लिहिलेला आहे! मनूने बाईला बाप, नवरा आणि मुलगा यांच्या ताब्यात दिले. संविधानाने तिला स्वतंत्र नागरिक केले. दवाखान्याच्या दारात मात्र अजून मनूचाच कागद चालतो.

या बेफिकिरीची किंमत गरीब बायाच मोजतात. बिहारमधील अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत, रात्रीच्या वेळी ५३ महिलांच्या नसबंदी शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. देविका बिस्वास खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, नसबंदीची माहिती बाईला समजेल अशा भाषेत द्या आणि सहीपूर्वी विचार करायला सुमारे तासभर वेळ द्या. कळा सोसणाऱ्या बाईला असा तास कुठून मिळणार? म्हणून ही विचारणा आधीच्या महिन्यांत, तपासणीच्या वेळीच झाली पाहिजे.

दाद मागायची म्हटले तर तिथेही भेद आहे. १९९५ च्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. पण जिथे सर्वांवर मोफत उपचार होतात, तो दवाखाना त्यातून सुटला. पैसे मोजणारी ग्राहक, आणि न मोजणारी कोण? तिला दिवाणी न्यायालय, राज्य वैद्यकीय परिषद आणि मानवी हक्क आयोग असे मार्ग उरतात.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कष्टकरी स्त्रियांच्या प्रसूती लाभाची बाजू मांडली. बाळंतपण हा त्यांच्या लेखी हक्काचा प्रश्न होता, दयेचा नव्हे. तो वारसा आम्ही जयंतीच्या भाषणापुरताच ठेवणार काय?

विहारात महिला मंडळे बसतात, तिथे हा विषय निघाला पाहिजे. सातव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा : सिझेरियन कधी लागेल, तांबी बसवणार काय? कागद वाचून घ्या, मगच सही करा. सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका बाईला थांबू देण्याची परवानगी केंद्राने २०१६ मध्ये दिली आहे. तिचा आग्रह धरा. उपचाराचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळालेच पाहिजेत, हे त्याच २००२ च्या नियमांत आहे. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. शिकलेल्या कार्यकर्त्यांनी न शिकलेल्या भगिनीसोबत दवाखान्यात जावे.

सही नवऱ्याची असेल, अंगठा सासूचा असेल. पण शरीर तिचे आहे. होकार आणि नकार, दोन्ही तिचेच असले पाहिजेत.