हार घालण्याआधी हुड उघडा

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न या वेळी सदरासाठी घेतला आहे. "गाडीची बॅटरी किती वर्षांनी बदलायची?" विचारणारा बहुतेक वेळा पुढचं वाक्यही स्वतःच बोलतो. "तशी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, मग उगाच कशाला खर्च?" वस्तू पूर्ण वापरल्याशिवाय टाकायची नाही, हा आपला हिशेब पुष्कळ बाबतींत बरोबर असतो. बॅटरीच्या बाबतीत मात्र तो फसतो. का फसतो, ते पाहू.

भारतात ॲम्बॅसेडर किंवा फियाटची बॅटरी बसली तर हँडल मारता येई. नाहीतर चार जण मागून ढकलत आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन धरत असे. इथल्या ऑटोमॅटिक गाडीला ढकलून काही उपयोग नाही. शिवाय त्या बॅटऱ्या आधी सूचना देत. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला सुरू व्हायला वेळ लागे, आणि बॅटरी म्हातारी झाली की सेल्फ कण्हत कण्हत फिरे. महिनाभर आधीच घरातल्या सगळ्यांना कळायचं. आताचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन दोन-चार फेऱ्यांतच पेटतं. एवढं काम अर्धमेली बॅटरीसुद्धा झटक्यात करून दाखवते. म्हणजे आज गाडी पटकन सुरू झाली, यावरून एवढंच सिद्ध होतं की आजच्या हवेत ती सुरू झाली. उद्याची हमी त्यात नाही.

आता हवेबद्दल. आपल्या गाडीची नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा कप्पे, प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली जी शिशाची बॅटरी केली, तिचंच हे सुधारलेलं रूप. थंडीमुळे बॅटरी मरते असा आपला समज असतो, पण तिचं आयुष्य खरं तर उन्हाळा खातो. उष्णतेने आतल्या पट्ट्यांच्या जाळ्या लवकर गंजतात आणि पाणी उडून जातं. थंडी फक्त झालेलं नुकसान उघडं पाडते. पारा ३२ अंश फॅरनहाइटवर आला की बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते, शून्यावर निम्म्याहून अधिक घटते. त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट झाल्यामुळे सेल्फला दुप्पट जोर हवा असतो. म्हणजे उत्पन्न अर्धं आणि खर्च दुप्पट!

याच देशातली दोन टोकं पाहा. फीनिक्सला २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस तापमान ११० अंश किंवा त्याच्या वर गेलं. तेही सावलीतलं, हुडखाली त्याहून कितीतरी जास्त. आणि शिकागोला ३० जानेवारी २०१९ रोजी ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ पर्यंत उतरला होता. म्हणून ढोबळ नियम असा, की ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडाकडच्यांनी बॅटरीचं आयुष्य तीन वर्षं धरावं, उत्तरेकडच्यांनी चार ते पाच. शिकागोच्या भावाची बॅटरी सहा वर्षं चालली म्हणून ह्यूस्टनच्या बहिणीने त्या भरवशावर राहू नये.

पण मुळात आपली बॅटरी किती वर्षांची आहे? अनेकांना हेच ठाऊक नसतं. हुड उघडून बॅटरीच्या वरची बाजू नीट पुसून घ्या. बहुतेक बॅटऱ्यांवर महिना आणि वर्ष छापलेली चिकटपट्टी असते. नसेल तर कोरलेला संकेत शोधा. पुष्कळ कंपन्यांच्या पद्धतीत अक्षर म्हणजे महिना, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, आणि आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. 'सी ४' असेल तर मार्च २०२४. सगळ्या कंपन्यांची पद्धत एक नसते, तेव्हा शंका आली तर दुकानात विचारावं. गाडी नवी घेतली असेल आणि बॅटरी कधीच बदलली नसेल, तर गाडीचं वय तेच बॅटरीचं वय. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर गाडी बनल्याचा महिना-वर्ष असतो. जुनी गाडी घेतली असेल आणि काहीच सापडत नसेल, तर बॅटरी म्हातारी आहे असंच समजून चाला.

वय कळलं की तब्येत. दहा-पंधरा डॉलरचा साधा मल्टिमीटर घरी असावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सुरू करण्याआधी, दोन टोकांवर लावून बघा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.७ ते १४.७ च्या दरम्यान हवा. नसेल तर दोष अल्टरनेटरचा असू शकतो, आणि नवी बॅटरी घालूनही दुखणं जाणार नाही.

पण व्होल्टवरून फक्त भरणा कळतो, दम कळत नाही. दमाचं माप म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँप्स, अर्थात सीसीए. शून्य अंश फॅरनहाइटला बॅटरी तीस सेकंद किती अँपिअर देऊ शकते, तो हा आकडा. तो बॅटरीवर छापलेला असतो. ऑटोझोन, ॲडव्हान्स, ओरायली यांसारख्या दुकानांत यंत्र लावून ही तपासणी फुकट करून देतात. तिथे "चांगली" किंवा "बदला" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, कारण तेच लोक बॅटरी विकतातही. मोजलेला आकडा मागून घ्या. छापलेले ६०० असतील आणि पूर्ण भरलेली असताना यंत्र ४०० दाखवत असेल, तर तिचा निरोप घ्यायची वेळ आली. तीन चतुर्थांशाच्या खाली गेलेल्या बॅटरीवर हिवाळा काढू नये.

आपल्या मंडळींच्या बाबतीत दोन प्रसंग विशेष धोक्याचे. पहिला, भारताची वारी. डिसेंबरात सहा आठवडे गाडी उभी राहते. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर हे थोडा थोडा करंट पीत असतात. तो ३० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, आणि ४२ दिवसांत तीस. साठाच्या नव्या बॅटरीला हे निम्मं झालं. म्हातारीची क्षमताच पस्तीस-चाळीस उरलेली असते, ती जवळजवळ रिकामी होते. आणि रिकाम्या बॅटरीतलं ॲसिड जवळजवळ पाणीच असल्यामुळे ते २० अंश फॅरनहाइटच्या आसपास गोठतं आणि कवच तडकतं. अशा गोठलेल्या बॅटरीला जंपर केबल कधीही लावू नये, ती फुटू शकते. जाण्याआधी तपासणी करून घ्या. गॅरेज असेल तर बॅटरी मेंटेनर लावून ठेवा, किंवा शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवून आणायला सांगा. नुसती जागेवर सुरू करून ठेवण्याने विशेष फायदा नाही.

दुसरा प्रसंग म्हणजे मुलं कॉलेजला जातात तेव्हा. आपण नवी गाडी घेतो आणि जुनी मुलाला किंवा मुलीला देतो. म्हणजे घरातली सर्वांत जुनी बॅटरी सर्वांत नवख्या ड्रायव्हरकडे जाते. लायब्ररीतून रात्री अकराला बाहेर पडलेली मुलगी, ओसाड पार्किंग लॉट, उणे पाच तापमान आणि सेल्फची नुसती टकटक. "कशाला खर्च?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. साधी बॅटरी दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास मिळते. ती एक वर्ष आधी बदलली तर पंचवार्षिक हिशेबात तीस-चाळीस डॉलरचं नुकसान. तेवढ्यात टो ट्रकही येत नाही.

घेताना चार गोष्टी बघा. ग्रुप साइज गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच घ्या. सीसीए मूळच्याएवढा किंवा जास्त असावा. दुकानातल्या नव्या बॅटरीचीही तारीख वाचा, सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा. जुनी परत केली की कोअर चार्जचे पैसे परत मिळतात, म्हणून ती घरी ठेवू नका. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल आणि तिच्यात मूळची एजीएम असेल, तर एजीएमच घालावी, जरी महाग पडली तरी. हायब्रिडवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. मोठ्या बॅटरीशिवाय त्यांच्यात १२ व्होल्टची एक छोटी असते, ती बसली की गाडी 'रेडी' होतच नाही.

आता हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? कॅलेंडर आपल्याकडे आहेच. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो. त्याच दिवशी हुड उघडून तारीख वाचायची. तीन वर्षं झाली असतील तर त्या आठवड्यात तपासणी, पाच झाली असतील तर तपासणीशिवाय नवी. फीनिक्स-ह्यूस्टनकडच्यांनी हेच काम पाडव्याला, उन्हाळा लागण्याआधी करावं, आणि तीन वर्षं पुरी झाली की बदलण्याचीच तयारी ठेवावी. नवी बसवली की मार्करने तिच्यावर मोठ्या अक्षरात महिना आणि वर्ष लिहून टाका, म्हणजे पुढच्या दसऱ्याला शोधाशोध नको. आणि मुलांना गाडी देताना किल्लीबरोबर ती तारीखही सांगा.