औषध फुकट आहे, वाट फुकट नाही

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाची तयारी चालू असेल. फेऱ्या निघतील, पथनाट्ये होतील, लाल फिती टाचल्या जातील. आपणही त्यात असू. पण २ डिसेंबरला आपण काय करणार आहोत?

मध्यंतरी आमच्या बैठकीला एक बाई आली. तिच्या संमतीने, ओळख पटेल असे सारे वगळून हे लिहीत आहोत. नवरा वारला. तो काय काम करायचा, हे विचारू नका. लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. त्याच्या आजारपणात दोघांची तपासणी झाली आणि दोघांनाही एचआयव्ही असल्याचे कळले. तो गेल्यावर सासरच्यांनी 'तूच खाल्लंस त्याला' म्हणत हिला बाहेर काढले. आता ती माहेरी पडवीत राहते, शेतमजुरी करते. औषध फुकट मिळते, पण एआरटी केंद्र जिल्ह्याच्या गावी. एका खेपेला एका दिवसाचा खाडा. एसटीत सवलत आहे, पण त्यासाठी कंडक्टरला दाखला दाखवायचा आणि कंडक्टर ओळखीचा! म्हणून ती गुपचूप तिकीट काढते. पैसे नसले की खेप चुकते, गोळ्याही चुकतात.

हे औषध सहज मिळालेले नाही. १९८६ साली चेन्नईत देहविक्री करणाऱ्या बायकांच्या रक्तात हा विषाणू सापडला आणि 'वाईट बायकांचा रोग' असा शिक्का बसला. पुढे कितीतरी घरांत बाईला लागण झाली ती नवऱ्याकडून, पण बोल मात्र तिलाच लागला. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी सुरू व्हायला एप्रिल २००४ उजाडावे लागले. २०१७ पासून निदान होताच प्रत्येकाला उपचार देण्याचे धोरण आले. गोळ्या नियमित घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. म्हणजे चुकलेली एसटी ही साधी गोष्ट नाही. बाईचे आयुष्य त्या खेपेवर अवलंबून आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार अशा बाईला ती राहत असलेल्या सामायिक घरातून हाकलता येत नाही. नोकरीत, दवाखान्यात, शाळेत भेदभाव करता येत नाही. लेखी संमतीशिवाय तिचा आजार कुणाला सांगताही येत नाही. हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? संजय गांधी निराधार योजनेचे अनुदानही तिला मिळू शकते, पण दाखल्यांसाठी तहसील कचेरीचे हेलपाटे कोण घालणार?

इथेच पैसा लागतो आणि तो आटतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि हैदराबाद, कल्याण व पुणे येथील तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या मित्र क्लिनिकना काम थांबवावे लागले. परक्या पैशावर उभे राहिलेले काम एका सहीने बसते. म्हणून आपला निधी आपणच उभा करायला हवा.

तो कसा उभा करायचा, यावर आमच्यात वाद झाला. एका देणगीदाराने भरीव रक्कम देऊ केली. अट एकच, दोन-तीन बायकांचे फोटो आणि त्यांच्या 'कहाण्या' हव्यात. काही जणी म्हणाल्या, 'चेहरा झाकून देऊ.' त्यावर ती बाईच म्हणाली, 'माझं लुगडं गाव ओळखतं.' आम्ही ती रक्कम नाकारली. सोपे नव्हते ते. त्या पैशात वर्षभराच्या खेपा निघाल्या असत्या. पण जिची लाज गावाने काढली, तिची लाज आपण पावतीपुस्तकाला टाचायची नाही.

मग करायचे काय? प्रत्येक गटाने एका बाईच्या वर्षभराच्या प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार उचलावा. नाव विचारू नये, हिशेब मात्र चोख ठेवावा. एका कार्यकर्तीने कायदा शिकून घ्यावा. वस्तीत बोलताना कवटीची चित्रे नकोत. भीती दाखवली की लोक तपासणीपासून पळतात. सांगलीत संग्रामच्या कामातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. तिथे देहविक्री करणाऱ्या बायकांनीच एकमेकींना माहिती दिली, कंडोम वाटले. जिला सोसावे लागते, तिलाच बोलू द्यावे. माहितीसाठी नाकोचा १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

आणि पुढच्या बैठकीत घोषणांच्या आधी एक प्रश्न विचारा: या महिन्यात कुणाची खेप चुकली?

तुमच्या,
संपादक मंडळ