डॉ. ना. भा. खरे : १९३८ चे दहा दिवस आणि ‘पक्षश्रेष्ठी’

१/१४
राज्याचा मुख्यमंत्री आमदार निवडतात, असे नागरिकशास्त्राचे पुस्तक सांगते. प्रत्यक्षात आमदारांची बैठक पुष्कळदा एका ओळीचा ठराव करून उठते : निर्णयाचा अधिकार पक्षश्रेष्ठींना. ही रीत आता कोणत्याही एका पक्षाची राहिलेली नाही. तिच्या उगमाकडे जाऊ लागले की वाट जुलै १९३८ च्या नागपुरात पोहोचते. तेथे प्रांताच्या प्रमुखपदी एक डॉक्टर होते : नारायण भास्कर खरे.

२/१४
पनवेल येथे जन्मलेल्या खरे यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण लाहोर येथे घेतले आणि पंजाब विद्यापीठाची एम.डी. ही पदवी मिळविली. पुढे नागपुरात व्यवसाय करताना ते काँग्रेसच्या कार्यात आले. त्या काळच्या नागपुरात हे नवलाचे नव्हते. डॉ. मुंजे, डॉ. परांजपे, डॉ. हेडगेवार अशी वैद्यकीय व्यवसायाची पार्श्वभूमी असलेली अनेक माणसे तेथील सार्वजनिक जीवनात अग्रभागी होती.

३/१४
१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ च्या प्रारंभी प्रांतिक निवडणुका झाल्या. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या ११२ सदस्यांच्या विधानसभेत काँग्रेसला ७० जागा मिळाल्या आणि जुलैमध्ये खरे ‘प्रधानमंत्री’ झाले. प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा हेच नाव होते. मुंबईत त्याच वेळी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. खेर आणि खरे ही दोन नावे वाचताना गल्लत होऊ नये.

४/१४
हा प्रांत मुळातच जोडकाम होता. महाकोशलचे हिंदी जिल्हे, नागपूर विभाग आणि वऱ्हाड, अशा तीन भागांसाठी काँग्रेसच्या स्वतःच्याच तीन वेगळ्या प्रांतिक समित्या होत्या. मंत्रिमंडळात महाकोशलकडून रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता होते; मराठी भागातून स्वतः खरे, रामराव देशमुख आणि गोळे. मतभेद झाला की त्याला भाषेचा रंग चढणे अटळ होते.

५/१४
वर्षाच्या आतच ही फूट उघड झाली. मे १९३८ मध्ये पचमढी येथे श्रेष्ठींच्या मध्यस्थीने समेट घडला; पण तो टिकला नाही. कोणती खाती कोणाकडे, अधिकाऱ्यांच्या नेमणुकांत कोणाचा शब्द चालावा, अशा प्रश्नांवर सहकारी एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. आपल्याच मंत्रिमंडळावर आपली सत्ता नाही, अशी खरे यांची भावना झाली. ती सर्वस्वी निराधार नव्हती.

६/१४
२० जुलै १९३८ रोजी खरे यांनी राजीनामा दिला. देशमुख आणि गोळे यांनीही दिला. शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी मात्र नकार दिला. पक्षाच्या संसदीय मंडळाचा आदेश नसताना आपण पद सोडणार नाही, असे त्यांचे म्हणणे. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केले आणि २१ जुलैला खरे यांचे नवे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले.

७/१४
कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. १९३५ च्या कायद्याच्या ५१ व्या कलमानुसार मंत्री गव्हर्नरची मर्जी असेपर्यंतच पदावर राहत. परंतु ज्या अधिकाराविरुद्ध काँग्रेस झगडत होती, त्याच अधिकाराने काँग्रेसचे तीन मंत्री घरी गेले आणि ते काँग्रेसच्याच नेत्याच्या राजीनाम्यामुळे. कार्यकारिणीची बैठक अवघ्या दोन-तीन दिवसांवर वर्ध्यात ठरलेली असताना ही घाई झाली. ही खरे यांची चूक होती आणि ती लहान नव्हती.

८/१४
नव्या मंत्रिमंडळात अस्पृश्य समाजातील रामेश्वर अग्निभोज यांचाही समावेश होता. तो सामाजिक न्यायासाठी की राजकीय डाव म्हणून, याविषयी तेव्हापासून वाद आहे. हेतू कोणताही असो, ते मंत्रिमंडळ दोन दिवस टिकले. वर्ध्यात श्रेष्ठींनी जाब विचारल्यावर २३ जुलै रोजी खरे यांनी पुन्हा राजीनामा दिला. एका आठवड्यात दोन राजीनामे.

९/१४
पुढचा क्रम लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. प्रथम कार्यकारिणीने खरे यांना जबाबदारीच्या पदासाठी अपात्र ठरविले. त्यानंतर, २७ जुलैला, काँग्रेसच्या आमदारांनी वर्ध्यात नेता निवडला. अध्यक्षस्थानी राष्ट्राध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. २९ जुलैला शुक्ल यांनी सूत्रे घेतली. निवड आमदारांनीच केली, हे खरे. पण कोणाची निवड करता येणार नाही, हे त्यापूर्वीच वर ठरले होते. त्या दहा दिवसांचे खरे महत्त्व या क्रमात आहे.

१०/१४
गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या निर्णयाचे समर्थन केले. काँग्रेस ही परकीय सत्तेशी झुंजणारी संघटना आहे. म्हणून तिच्यात नियंत्रण केंद्राकडे असले पाहिजे आणि शिस्त निरपवाद असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. १९३८ च्या परिस्थितीत तो लंगडा नव्हता. प्रत्येक प्रांताचा प्रमुख गव्हर्नरशी स्वतंत्र सौदा करू लागता, तर प्रांतिक स्वायत्ततेचा कायदा राष्ट्रीय चळवळीची शकले करण्याचे साधन ठरला असता.

११/१४
परंतु हा युक्तिवाद युद्धकाळातील सैन्याचा होता. युद्ध संपले, गव्हर्नरची ती मर्जी संपली, प्रौढ मताधिकार आला. सैन्याचा नियम मात्र पक्षांच्या अंगवळणी पडून राहिला. १९३८ मध्ये खरे यांची चूक दाखविणे योग्य होते. त्या चुकीवरून प्रांताच्या प्रमुखाने मतदारांपेक्षा केंद्रीय मंडळाला अधिक बांधील असावे, असा कायमचा नियम काढणे योग्य नव्हते. एका रुग्णाला दिलेला उपचार पथ्य म्हणून साऱ्या गावाला लागू झाला.

१२/१४
या प्रश्नाची चर्चा थंडावली, याचे एक कारण खरे यांचे उत्तरायुष्य. १९४२ च्या चळवळीतील नेते तुरुंगात असताना, १९४३ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. १९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. त्याच काळात तेथे मेव मुसलमानांवर भीषण हिंसाचार झाला. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये केंद्राने त्यांना त्या पदावरून दूर केले. हत्येच्या खटल्यात ते आरोपी नव्हते. पुढे ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले.

१३/१४
त्यामुळे दोन सोप्या कथा रूढ झाल्या. एकीत खरे पहिल्यापासूनच फितूर. दुसरीत ते दिल्लीने बळी घेतलेले स्वाभिमानी मराठी नेते. पहिली कथा १९४७ वरून १९३८ चा निवाडा करते. दुसरी १९३८ चा अन्याय पुढे करून अलवरची जबाबदारी झाकते. दोन्ही त्याज्य आहेत. अलवरचा हिशेब अलवरच्याच कागदांवर मांडावा लागेल आणि नागपूरचा नागपूरच्या. माणूस एक असला, तरी प्रश्न दोन आहेत.

१४/१४
नागपूरचा प्रश्न तेव्हाही केवळ खरे यांचा नव्हता. १ ऑक्टोबर १९३८ रोजी, म्हणजे शुक्ल यांच्या शपथविधीनंतर दोनच महिन्यांनी, त्याच विधानसभेने मराठी जिल्ह्यांचा वेगळा प्रांत करावा असा ठराव संमत केला. वर्ध्यात नेता बदलता आला. ज्या जोडकामामुळे तंटा उद्भवला, ते तसेच राहिले. १९५६ मध्ये ते जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. यापुढे ‘अधिकार पक्षश्रेष्ठींना’ ही ओळ बातमीत दिसली, की निवडून आलेल्या सभागृहाकडे नेमके काय उरले, हे विचारावे. १९३८ मध्ये तो प्रश्न विचारणारा मनुष्य चुकीच्या दारी गेला. म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही.