डोमेन कोणाच्या नावावर आहे?

चळवळीची वेबसाइट बंद पडली की आपण आधी शत्रू शोधतो. कधी तो असतोही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ आहे, आणि त्याखालच्या आदेशांची गुप्तताही आहे. पण संशोधनासाठी मी ज्या बंद आंबेडकरी संकेतस्थळांचा माग काढला, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बंदी वगैरे काही नव्हती. नूतनीकरणाचे पैसे भरायचे राहिले होते, नाहीतर जुन्या होस्टिंगवरून नव्यावर जाताना निम्मा मजकूर वाटेत सांडला होता. हे बोलायला आपल्याला जड जाते, कारण यावर मोर्चा काढता येत नाही.

१९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. छापखाना आपला हवा, हे या चळवळीला तेव्हापासून ठाऊक आहे. दादरचे आंबेडकर भवन आणि त्यातला बुद्धभूषण छापखाना जून २०१६ मध्ये रातोरात पाडला, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि ते योग्यच होते. मग सर्व्हर भाड्याचा, पासवर्ड एकाच्या फोनमध्ये, आणि डोमेन कुणाच्या तरी कॉलेजातल्या ईमेलवर, हे आपण निमूट कसे चालवून घेतो?

"ते टेक्निकल आहे, आमची पोरं बघतात," हे उत्तर मी अनेक ज्येष्ठांकडून ऐकले आहे. लिहिणारे वर, वायर जोडणारे खाली! श्रमिकांची अशी उतरंड कोणत्या व्यवस्थेने रचली, यावर याच मंडळींची व्याख्याने असतात. ते 'पोरगं' रात्री जागून फुकट काम करते, त्याचे नाव संपादक मंडळात कधी येत नाही. पुढे त्याला बंगळुरूला नोकरी लागते, ईमेल बदलतो, नूतनीकरणाच्या सूचना रिकाम्या खोलीत पडत राहतात. साइट गेल्यावर मात्र त्यालाच फोन, आणि वर चळवळीशी निष्ठा कमी पडल्याचा ठपका.

होस्टिंग बदलू नये असे माझे म्हणणे नाही. बदलावेच लागते. पहिल्या वर्षी चहापाण्याच्या भावात मिळालेली जागा दुसऱ्या वर्षी कितीतरी पट महाग होते. 'अमर्याद' म्हणून विकलेल्या योजनेत फाइलींच्या संख्येची मर्यादा बारीक अक्षरात असते, आणि १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबरला, म्हणजे वाचक खरोखर येतात तेव्हाच, पान उघडत नाही. पण स्थलांतर म्हणजे नुसते सामान टेम्पोत टाकणे नव्हे. मराठीच्या बाबतीत तर नाहीच.

कारण सांगते. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ सेटिंग २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत 'लॅटिन-१' होती. ती कुणी बदलली नाही म्हणून कित्येक साइटींवर देवनागरी लॅटिनच्या खोक्यात भरली गेली. जुन्या सर्व्हरवर ती नीट दिसायची, कारण घालणारा आणि काढणारा दोघेही एकच चूक करत होते. नवा सर्व्हर युनिकोड मागतो आणि 'बहिष्कृत'च्या जागी चित्रविचित्र परकी अक्षरे उमटतात. इथवर दुरुस्ती शक्य असते. घाईत चुकीचे रूपांतर केले तर सगळीकडे प्रश्नचिन्हे होतात, आणि प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर परत मिळत नाही. इंग्रजी साइटवाल्याला हे भोगावे लागत नाही, म्हणून स्वस्तातला ठेकेदार ते तपासतही नाही. त्याने पहिले पान उघडून पाहिले, लोगो दिसला, काम झाले. सात वर्षांपूर्वीची अत्याचाराची सत्यशोधन नोंद कोण उघडून बघणार? त्या गावातल्या घटनेची दुसरी लेखी नोंद कुठे असेलच असे नाही.

पत्त्यांचेही तेच. नव्या साइटवर लेखांचे दुवे बदलतात, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण देण्याची सोय असूनही कुणी ते देत नाही, आणि प्रबंधात दिलेला संदर्भ मेलेला निघतो. मग परीक्षक म्हणतो, स्रोत विश्वासार्ह नाही.

काही साथी म्हणतात, कशाला ही कटकट, सगळे सोशल मीडियावर टाका. जिओसिटीज २००९ मध्ये बंद केले, ऑर्कुट २०१४ मध्ये. दोन्ही वेळा मालकाने ठरवले, वापरणाऱ्यांनी नव्हे.

तेव्हा डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या, दोघांकडे तरी चाव्या ठेवा. हलवताना फाइली आणि डेटाबेस या दोन्हींची प्रत आधी स्वतःकडे उतरवा, नव्या जागी जुन्यातले जुने लेख उघडून वाचा, आणि तोवर जुने खाते बंद करू नका. दोन-चार आठवड्यांचे दुहेरी भाडे जाईल, ते वर्गणीतून द्या. हे काम करणाऱ्याला मानधन आणि संपादक मंडळात जागा द्या. आणि पुढच्या बैठकीत त्याला 'बॅकअप आहे ना?' एवढेच विचारू नका. तो सगळ्यांसमोर उघडून दाखवायला सांगा.