मागच्या रांगेतली माणसं

दोन वर्षांपूर्वी आई इथे दिवाळीला आली होती. लक्ष्मीपूजनानंतर सगळ्यांना दिवाणखान्यात उभं केलं आणि नव्या कोऱ्या ५० मिमी लेन्सने मीच फोटो काढला, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून, एफ/१.४ वर. पुढे बसलेल्या नातवंडांच्या पापण्या मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ आल्या. मागे उभी असलेली आई धूसर. पुढच्या दिवाळीला ती नव्हती.

म्हणून हा माझा हट्ट. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत हल्ली पुष्कळ जण एफ/१.४ नाहीतर एफ/१.८ वरच फोटो काढतात. मागे दिव्यांचे मऊ गोल येतात, छान दिसतात. एकट्याच्या फोटोला ते शोभतं. घरच्या सगळ्यांच्या फोटोला नाही.

हिशोब साधा आहे. फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिमी लेन्स, माणसं तीन मीटरवर. एफ/१.४ ला स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम ३० सेंटिमीटरचा. एफ/५.६ ला तोच सव्वा मीटरचा होतो. त्यात दोन रांगा मावतात आणि फोकस चार बोटं चुकला तरी खपून जातं.

"मग एवढी महाग लेन्स घेतलीत कशाला, बाबा?" असं माझा मुलगा विचारतो. अरे, डीएसएलआर फोकस करतो तेव्हा ॲपर्चर पूर्ण उघडंच असतं. बटण दाबल्यावर, फोटो निघताना ते लहान होतं. म्हणजे नेम धरायला मोठ्या ॲपर्चरचा भरपूर प्रकाश मिळतोच. फोटो त्याच ॲपर्चरला काढायची सक्ती नाही.

याची किंमत आहे, नाही म्हणत नाही. एफ/१.४ च्या मानाने एफ/५.६ ला प्रकाश सोळावा हिस्सा मिळतो. शटरचा वेग तोच ठेवायचा तर आयएसओ ४०० चा ६४०० करावा लागतो आणि फोटोत दाणे दिसतात. दिसू देत. दाण्यांतूनही चेहरा ओळखू येतो; धूसर झालेला चेहरा परत आणता येत नाही.

तेव्हा यंदा मंडळात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या मुलामुलींनो, आजी-आजोबा रांगेत उभे राहिले की आधी एफ/५.६ लावा आणि फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यांवर धरा. तो एक फोटो नीट झाला, की मग पणत्या हव्या तेवढ्या धूसर करा.