जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घेतांना

विजेच्या गिटारसाठीं व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर हवा, असा हट्ट घरांतील चिरंजीवांनीं धरल्यास आमच्या वाचकांनीं कपाळाला आठ्या घालूं नयेत. पारख मात्र करावी, असें आम्ही सुचवितों.

व्हॉल्व्ह हे समईंतील वातीप्रमाणें झिजावयाचेच. ते बदलतां येतात. खरें मोल ट्रान्सफॉर्मरचें. तो जळका निघाल्यास सौदा सोडावा. यंत्र अर्धा तास चालवून ऐकावें, मात्र स्पीकर जोडल्यावांचून कधींही चालवूं नये. गिटार न वाजवितांही मोठी घरघर येत असल्यास आंतील कपॅसिटर बहुधा वाळलेले असतात. त्यांचा खर्च किंमतींतून वजा करावा. बटण फिरवितांना होणारी खरखर बहुतेक धुळीची असते.

१९६३ सालीं निघालेल्या फेंडरच्या ‘डिलक्स रिव्हर्ब’सारखीं अमेरिकेंत विकलेलीं जुनीं यंत्रें तेथील सुमारें १२० व्होल्टांच्या विजेसाठीं असतात, तीं आपल्याकडील २३० व्होल्टांना थेट जोडूं नयेत. मूळचा प्लग दोन पिनांचा असल्यास अर्थिंगसह तीन पिनांचा बसवून घ्यावा.

प्लग काढल्यावरही कपॅसिटरांत शेंकडों व्होल्टांचा प्राणघातक साठा राहूं शकतो. म्हणून पेटी चिरंजीवांनीं उघडूं नये. तें जाणत्या कारागिराचें काम. त्याची मजुरी यंत्राच्या किंमतींत आरंभींच धरावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.